देवानं सांगितलं नव्हतं

वामनराव पाळक नगरकडचे. एकोणीसशे अठ्ठावन्न साली त्यांची बदली महागावजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीवर झाली. आवाज खणखणीत, प्रवचन गोड. फक्त समोरच्या माणसाला काही विचारायची सवय नव्हती.

गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातली मानीबाई दर रविवारी प्रार्थनाघरात येऊन मागे बसे. नवरा लखीराम तिला अडवत नसे. "तुहा देव तू पाय, माहा मी पायतो," एवढंच म्हणे. पुढं तिनं बाप्तिस्मा मागितला. आदल्या दिवशी वामनराव तिला म्हणाले, "उद्या देवापुढं जायचंय. जुनं सगळं उतरवून ये."

मानीबाईनं आपल्या दंडांकडे पाहिलं. कोपरापासून वर पांढरे चुडे चढवलेले होते, लग्नातले.

"हे बी काढा लागते का, साहेब?"

ते चुडे कसले, हे वामनरावांनी विचारलं नाही. त्यांना तो नुसता नट्टापट्टा दिसला. "हो. देवाचं तसंच सांगणं आहे."

तिनं चुड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "देवानं सांगतलं त काढतो."

रविवारी सकाळी पूस नदीच्या डोहात तिचा बाप्तिस्मा झाला. चुडे ओढून काढताना दंडांची सालटं निघाली होती. पाणी लागताच तिनं ओठ आवळले. वामनरावांना ते दिसलं, पण त्या दिवशी त्यांचं लक्ष आपल्याच प्रार्थनेत होतं.

दुपारी ते बायकोला, इंदूबाईंना घेऊन, गूळ-फुटाण्यांची पुडी हातात धरून तांड्यावर निघाले. तांडा जवळ आला तसं रडणं ऐकू आलं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या.

"काय झालं?" त्यांनी वाटेवरच्या म्हाताऱ्या रामधनला विचारलं.

"लखीराम गेला, साहेब. काल ढाणकीच्या बाजारात गेलता, तिकडंच काही झालं असन. बायकोचे चुडे उतरले नं! आमच्यात नवरा मेल्याबिगर ते उतरत नाई."

वामनराव अंगणाच्या कडेला निंबाखाली थांबले. अंगणात मानीबाई "जित्ता हाये वं तो, जित्ता हाये!" म्हणून ओरडत होती, पण तिचं कोण ऐकतं? सासू जमनी उंबऱ्यावर कपाळ आपटत होती. कपाळातून रक्त येत होतं.

तेवढ्यात लखीरामची बैलगाडी आली. त्यानं उडी टाकली. "कोन गेलं? कोन गेलं सांगा ना!"

बायका किंचाळल्या. जमनीनं दोन्ही हातांनी लेकाचं तोंड चाचपलं. लखीरामची नजर बायकोच्या उघड्या दंडांवर गेली.

"कोनं सांगतलं तुले?"

मानीबाईनं एकवार निंबाखाली उभ्या वामनरावांकडे पाहिलं. "कोनं नाई. मीच काढले."

वामनरावांनी एकच शब्द बोलायचा होता. तो तोंडातून निघाला नाही. ते मागं वळले. वाटेत इंदूबाई त्यांच्यासाठी न थांबता पुढं चालत राहिल्या.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. वामनरावांनी भाकरीवरचं फडकं उचललं आणि परत झाकलं. "मी देवाचं नाव घेऊन खोटं बोललोय," ते मंडळीला म्हणाले, "या हातांनी ही भाकर मोडवत नाही." आणि भरल्या प्रार्थनाघरातून तांड्याकडं चालू लागले.

लखीराम गाडीच्या आसाला वंगण लावत होता.

"लखीराम, चुडे काढायला देवानं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, आणि त्याच्या नावावर खपवलं. त्या दिवशी इथं उभा होतो, तरी तोंड उघडलं नाही."

लखीरामनं मान वर केली नाही. "माह्या जित्तेपनी माह्या मायनं कपाळ फोडून घेतलं. मले नका सांगू. तिले सांगा."

जमनी दारात आली. कपाळाला चिंधी बांधलेली. वामनराव तिच्या पायांशी वाकले आणि सगळं सांगितलं.

"काहून सांगाले आला?" ती म्हणाली. "कोनाले मालूमबी नोतं."

"देवाला होतं, माय."

ती आत गेली. आता घालवून देईल, असं त्यांना वाटलं. त्यासाठी त्यांच्या मनाची तयारी होती. ती ज्वारीची भाकर आणि तिखट घेऊन आली. "जेवा. पोरगं जित्तं हाये माह्यं, तेच लय झालं."

या भाकरीसाठी मात्र त्यांची तयारी नव्हती. घास हातात धरून ते लहान पोरासारखे रडले.

मानीबाई कुडाशी उभी होती. ओल्या जखमांवरच तिनं चुडे परत चढवले होते. "साहेब, मंग माहा बाप्तिस्मा झाला का नाई?"

"झाला, बाई. तू देवाचं म्हणून ऐकलंस. मीच त्याला विचारलं नव्हतं."

त्यानंतर लखीराम तिला दर रविवारी गाडीनं आणून सोडी. आत कधी आला नाही. उपासनेआधी वामनराव बाहेर जाऊन त्याला नमस्कार करत. कधी तो उत्तर देई, कधी बैलांकडं बघत राही.