तोंडातल्या चुका

घरामागच्या शेडमध्ये ती खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायची, आणि त्या कामाला दोन हात पुरत नाहीत. एका हातात हातोडी, दुसऱ्याने कापड ताणून धरायचं. मग चुका ठेवायच्या कुठे? तोंडात. चुका म्हणजे बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, बोटांनी घ्यायचा, ठोकायचा. बोलायची मात्र पंचाईत. कुणी काही विचारलं की ती नुसतं "हं" म्हणायची. ऐकलं बाबा, आता जा, एवढाच त्याचा अर्थ.

नवऱ्याच्या लेखी मात्र हं म्हणजे हो. पडद्यांचा रंग, मुलीच्या लग्नाचा हॉल, ती जुनाट गाडी, सगळं त्याने शेडच्या दारात उभं राहूनच विचारलं होतं आणि होकार मिळाला म्हणून खुशीत परत गेला होता. लोक मूग गिळून गप्प बसतात, ही चुका धरून बसायची. तोंड मोकळं होईपर्यंत गाडी दारात आलेली असायची.

पाटीचंही तसंच झालं. बूटपॉलिशची जुनी जाहिरात, एनॅमलचा जाडजूड पत्रा, पलंगाएवढा लांब. मधोमध काळाकुळकुळीत बूट आणि त्यात आपलं तोंड बघून हसणारा एक मिशाळ गृहस्थ. भंगारवाल्याने गळ्यात मारलेली ती पाटी नवऱ्याने लेकरासारखी पुसून काढली आणि दारात येऊन विचारलं, "आपल्या भिंतीवर लावू ना गं?"

"हं," ती म्हणाली. तिला वाटलं, अंगणातली भिंत.

आता तो आणि शेजारचा वायरमन शेडमध्येच शिडी लावून बसले होते. एका भिंतीला शटर, दुसरीला फळ्या, तिसरीला ओल. उरली चौथी, जिच्यात लांबलचक खिडकी होती. तिच्याच खाली तिचं कामाचं टेबल.

"अहो, खिडकी झाकली जाईल!" ती म्हणाली.

"ट्यूब लावून देतो की वहिनी," वायरमन म्हणाला. "दिवसासारखा उजेड पडेल."

हा उंटावरचा शहाणा! ट्यूबच्या उजेडात गडद मखमलीवर गडद दोरा तिला दिसतच नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, पडदा झिजतोय, ऑपरेशनने सुधारण्यासारखं नाही, भरपूर उजेडात काम करा, म्हणजे निभेल. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नवऱ्याने त्याच पावली शटर ओढलं असतं, मुलीला फोन केला असता आणि दोघांनी मिळून तिला टीव्हीसमोर बसवलं असतं. तोंड उघडलं तर शेड जाणार, नाही उघडलं तर उजेड. इकडे आड, तिकडे विहीर.

ड्रिलची भुकटी उडायला लागली तशी तिने खुर्च्यांवर जुन्या चादरी टाकल्या. भुकटी चादरींखालूनही आत गेलीच.

मग पाटी सरळ आहे की नाही, यावरून जुंपली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की वायरमन म्हणे झालं. नवरा खाली उतरून, एक डोळा मिटून म्हणे तिरकं आहे. मुळात खिडकीची चौकटच तिरकी होती, पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण!

"जरा वर घे."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा! तुला मराठी कळत नाही का?"

"भाऊ, तुमचा जरा वीतभर असतो."

तिला दोघांनाही शिडीसकट बाहेर काढावंसं वाटत होतं. चहा मागितला तेव्हा तिने ऐकलंच नाही असं केलं. शेवटी अँगल बसले, बोल्ट आवळले गेले, पाटी चढली. शेडमध्ये अंधारून आलं. वायरमन ट्यूब आणायला घरी गेला आणि नवरा कमरेवर हात ठेवून मिशाळ गृहस्थाकडे बघत राहिला.

"काय शोभतेय!" तो म्हणाला. "तू बस ना, काम कर. मी आहे इथेच."

ती बसली. दोरा घेतला, सुई घेतली. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा गेला. मग सुईच बोटात घुसली, मखमलीवर थेंब पडला आणि तिच्या डोक्याची शीरच उठली.

"मला दिसत नाही!" ती ओरडली.

"ट्यूब येतेय ना."

"ट्यूबमध्येही दिसत नाही. डोळे चाललेत माझे. या खिडकीच्या जिवावर काम चाललंय, आणि तुम्ही तिच्यावर बूट लटकवलात!"

तो मटकन स्टुलावर बसला. "कधीपासून?"

"दिवाणखान्यातला सोफा केला, तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?" त्याचा आवाज चढला, मग फाटला. "बास. हे सगळं बंद. उद्यापासून सुईला हात लावायचा नाही. मुलीला कळवतो, ती—"

"थांबा. माझं बोलणं संपलेलं नाही."

तो थांबला. एवढ्या वर्षांत त्याला असं कुणी थांबवलं नव्हतं. तिने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले.

"डोळे जाणारच असतील तर घरात बसूनही जातील. तोवर मला काम करायचंय. तुमची परवानगी मागत नाहीये, खिडकी मागतेय."

तो स्टुलावरून उठला. पाना उचलून शिडीवर चढला. बोल्ट सैल होताना पत्रा कण्हत होता. "खालून धर," तो म्हणाला, आणि लगेच, "धरशील का?"

तिने पाटी दोन्ही हातांनी धरली. ती खाली आली आणि दुपारचा उरलासुरला उजेड थेट टेबलावर पडला. नवरा अजून शिडीवरच उभा होता, डोळे पुसत, भुकटी गेली म्हणत. त्याला खाली बोलवावं, चार शब्द बोलावेत असं तिला वाटलं. पण ते संध्याकाळीही करता आलं असतं. तिने सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला, आणि खुर्ची जवळ ओढली.