सासूबाईंनी पाठवलेला खेकडा

प्रयोगशाळेच्या साहेबांनी खेकडा मागवला म्हटल्यावर सासूबाईंनी कंबर कसली. बेटावरचा खेकडा कैक वर्षांत कुणाच्या ताटात पडला नव्हता. एके काळी इथे अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि त्यांचं विष मातीत मुरलं. तेव्हापासून पान असो की प्राणी, आधी प्रयोगशाळेत जायचं आणि मगच चुलीवर. सून तिथेच कामाला. तिला सातवा महिना लागला होता. कवचं उकळून ते पाणी तिला पाजायचं, म्हणजे बाळाची हाडं दणकट होतील, एवढंच सासूबाईंनी मनाशी धरलं होतं.

निकाल आला. बॉम्बच्या विषातलं स्ट्रॉन्शियम जवळपास नाहीच.

"आली बाई तुमच्या यंत्राला अक्कल!" म्हणत सासूबाईंनी पातेलं चढवलं.

सून ओट्याशी आली आणि थबकली. ताटात कवच आणि नांग्या, लख्ख धुतलेल्या.

"आई, हे कुठलं?"

"त्याच खेकड्याचं."

"मग डब्यात काय दिलं होतं तुम्ही?"

"सोललेलं मांस. परक्याकडे सालपटं पाठवू? तुझ्या साहेबांनी नावं ठेवली असती."

सून स्टुलावर टेकली आणि हसत सुटली. "अहो, हे स्ट्रॉन्शियम म्हणजे कॅल्शियमचा चुलतभाऊ. त्याचं नाव सांगून हाडात, कवचात शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. मांसात त्याचा जीव रमत नाही. तुम्ही घर झाकून अंगण दाखवलंत!"

सासूबाईंनी झटकन गॅस बंद केला. चेहरा पार उतरला. "आणि मी हेच तुला पाजणार होते गं."

"पाजलं नाहीत ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी कवचाचा डबा घेऊन सासूबाई जातीने प्रयोगशाळेत गेल्या. भट्टीत कवचाची राख झाली, राख आम्लात विरघळली, गाळली गेली. मग सगळे हात पुसून मोकळे.

"आता कशाची वाट बघायची?"

"स्ट्रॉन्शियम झिजत जातं तशी त्याच्या पोटी सावकाश एक लेक जन्मते, एक नवंच मूलद्रव्य," सून म्हणाली. "ती मोजायची. लेकीवरून बाप किती ते कळतं."

"म्हणजे सुनेवरून सासूला जोखतात, तसंच की!"

"म्हणून तर गावात तुमचं नाव चांगलं आहे."

"चल, आगाऊ कुठली!"

कवचाचा आकडा आला तो चांगलाच फुगलेला. मांस मात्र बाकीच्या तपासण्यांतूनही सुटलं. इथल्या खेकड्याचं मांस थोडं खायला हरकत नाही, असं साहेबांनी स्वतः सांगितलं.

पुढचा खेकडा सासूबाईंनी स्वतः सोलला. कवचाचा कणही राहू नये म्हणून खिडकीपाशी उजेडात धरून मांस निवडलं, शिजवलं आणि सुनेच्या ताटात वाढलं. सालपटांचा डबा तिच्या पिशवीत ठेवत म्हणाल्या,

"साहेबांना सांग, या खेपेला सालपटंच पाठवलीत. मांस मागायला आले, तर आमच्याकडे खाणारी दोन तोंडं आहेत म्हणावं."