केराबाईचं पाठांतर

सन सत्तावीस-अठ्ठावीसची गोष्ट. सोलापुरात केराबाई घरोघर जाऊन येशूच्या गोष्टी सांगायची. अशा रंगवून सांगायची की ऐकणारीची चुलीवरची भाजी करपायची. पण पाठांतराच्या नावानं मात्र आनंदीआनंद! मिशनच्या वर्षाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर हे काम सुटणार होतं, आणि तिचा सारा जीव त्याच कामात. म्हणून दोन महिने रोज पहाटे परसात बसून ती बायबलातला प्रीतीचा अध्याय घोकत होती, तोही वरच्या पट्टीत.

परसाच्या भिंतीपलीकडं सिद्धम्मा कोष्टिणीचं घर. ती रोज ओरडायची, "झोपू दे की गं बाई!" आणि केराबाई गल्लीत ताणलेल्या सुताजवळून निघाली की, "सावली सांभाळ, माझ्या ताण्यावर पडंल!" बाटलेल्या बाईची सावलीही नको होती तिला.

परीक्षेच्या दिवशी केराबाई धुतलेलं लुगडं नेसून निघाली, तर गल्लीत सिद्धम्मा कपाळ बडवत उभी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा ताणलेला, त्यावर नुकतीच खळ लावलेली. आता लांब कुंचा दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून फिरवायचा, तर नवरा रुद्रप्पा तापानं फणफणून आत पडलेला. कुंचा फिरायच्या आत खळ वाळली की सूत सुताला चिकटतं आणि सगळी मेहनत मातीत जाते. ऊन तर चढायला लागलं होतं.

बरी जिरली, असं केराबाईच्या मनात आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. दोन महिने घोकलं ते कशाला? तिनं पदर खोचला. "माझ्या माहेरी जाडंभरडं इनायचे. कुंचा दे हिकडं."

सिद्धम्मानं तिच्याकडं पाहिलं, मग उन्हाकडं पाहिलं. "अय्यो, घे की लवकर!"

परीक्षेची दहाची घंटा केराबाईनं ऐकली; हात थांबवला नाही.

अकराच्या सुमारास छत्री घेऊन चर्चच्या पाळकांच्या पत्नी मालतीबाई तिला शोधत आल्या. परीक्षा त्याच घ्यायच्या.

"बाजूला व्हा, ताण्यावर सावली पडती!" केराबाई खेकसली, आणि वर बघून गारच पडली.

शेवटचा हात फिरेपर्यंत मालतीबाई छत्री मिटून बाजूला थांबल्या. मग म्हणाल्या, "आता इथंच म्हणा."

तीन ओळी झाल्या. चौथीला गाडी अडली. केराबाईनं खळीच्या हातानंच कपाळ पुसलं, तरी आठवेना. तेवढ्यात ताण्यापलीकडून सिद्धम्मानं पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. थेट शेवटापर्यंत, केराबाईच्याच चालीत आणि केराबाईच्या चुकांसकट.

"दोन म्हैने कानाशी भुनभुन," सिद्धम्मा म्हणाली, "पाठ न्हाय व्हनार तर काय? पन बाई, हिला नापास करू नका. म्हनायला मला येतंय, करायला हिला आलं."

मालतीबाई खळखळून हसल्या. वहीत पाठांतरापुढं त्यांनी शून्य घातलं, आणि खाली लिहिलं, पास. सिद्धम्मानं आतून पाण्याचा तांब्या आणला. ओंजळीत वरून न ओतता सरळ केराबाईच्या हातात दिला. केराबाईला इतका आनंद झाला की प्यायचंच सुचेना.

ते शून्य पुसायचं म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा परसात बसली. चौथ्या ओळीला अडली.

"सांगू काय गं?" भिंतीपलीकडून झोपाळू आवाज आला.