ताईच्या जीपचं माप

ताईची जीप म्हणजे तिचा दवाखाना. ती जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या गोठ्यांवर जायला रस्ता नसतोच, नुसते दगड. त्यात मागच्या चाकांचे बुश कामातून गेले. बुश म्हणजे रबराच्या गाद्या. चाकांचा दांडा ज्या लोखंडी आर्मनी गाडीला धरलेला असतो, त्यांच्या टोकांत बसतात. त्या झिजल्या की गाडी जुन्या खाटेसारखी करकरते.

"उद्या गॅरेजला देते," ताई म्हणाली.

"मी आहे ना घरात!"

"म्हणूनच गॅरेजला देते."

मला लागलं ते. गाडीचं काम मी व्हिडिओ बघून आणि बोटं सोलून शिकलोय. खूप वाद घातला. शेवटी ठरलं, काम मी करायचं. मग घरामागच्या नाल्यातून जीप न्यायची. आवाज आला नाही तर यापुढे जीप माझ्या हातात. आला तर मी पान्याला शिवायचं नाही.

"आणि चाकात हवा?" मी विचारलं.

"ती आई भरेल."

जुने बुश काढताना काय काय झालं ते सांगत नाही. आई वाचेल. पण नवे बसले. आता आर्म परत लावायचे. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत, मी खाली उताणा. एका टोकाचा बोल्ट आत गेला. दुसऱ्या टोकाचं भोक बोटभर मागे. जॅकने दांडा उचलला तर भोक पुढे पळालं. सोडला तर परत मागे.

शेजारी भावोजी स्टूल टाकून बसले होते. ताईचा नवरा. धंद्याने शिंपी, पण खरी कात्री तोंडात.

"सुईत दोरा जात नसला की आम्ही थुंकी लावतो, मेव्हणे."

"मग या की खाली. लावा."

खाली आले नाहीत, पण जॅकचं हँडल धरलं. जरा... अजून जरा... बस! ठक. बोल्ट आत. मग काय, माझ्या अंगातच आलं. सगळे नट दातओठ खाऊन आवळले.

गाडी जमिनीवर उतरवली. ताई लांबून बघत होती.

"अरे, मागून उंच झाली की! आता दगड लागायचे नाहीत."

मी छाती काढून उभा. "बुश चांगले आणलेत ना."

भावोजींच्या गळ्यात टेप असतेच. त्यांनी चाकापासून वरच्या पत्र्यापर्यंत माप घेतलं. पुढे वेगळं, मागे वेगळं.

"चवड्यावर उभी आहे ही. नट आवळताना गाडी कुठे होती?"

"वर. स्टँडवर."

"मग बरोबर. पँटची उंची उभ्या माणसाची घ्यायची असते. झोपाळ्यावर पाय सोडून बसलेल्याची घेतली की शिवण ताणणारच."

मी हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. चाकं लोंबकळत असताना मी नट आवळून रबर तसंच पकडून ठेवलं होतं! गाडी टेकली, आर्म फिरले, रबराला पीळ बसला. ती उंची म्हणजे पिळाचा ताण. चार खड्ड्यांत फाटणार.

"ताई, नट सैल करतो. उंची जाईल."

"हात लावू नकोस! पहिल्यांदाच तुझ्या हातून काहीतरी चांगलं झालंय."

"चुकून झालंय गं."

"चुकून तर चुकून. राहू दे."

"डोंगरात फाटलं की गाय सोडून गाडीला इंजेक्शन देत बस."

तिने डोंगराकडे बघितलं. मग म्हणाली, "कर. पण आवाज आला ना..."

"माहितीये. पाना बंद."

चाकांना विटा लावल्या, खाली शिरलो, नट सैल केले. गाडी हुश्श करून खाली बसली. ताईचा चेहराही.

"आता रोज असते तशी भरा!" मी खालून ओरडलो. औषधांच्या पेट्या चढल्या. ताई स्टिअरिंगवर बसली. मागून आईही चढली.

"आई, तू कुठे?"

"मागे हिचा कंपाउंडर बसतो ना? त्याच्या जागी मी. माझ्या वजनाचा विषय रोज काढता, आज वापरा."

"सासूबाई, हसू नका," भावोजी म्हणाले, "गाडी हलतेय."

त्यावर ती अजून हसली. मी त्या हलत्या गाडीखाली एकेक नट आवळला.

मग नाला. आई उतरलीच नाही. मी आणि भावोजी कान लावून बाजूने चालत होतो. मागचं चाक दगडावर चढलं, गाडी कलली आणि... कर्रर्र.

भावोजींनी माझ्याकडे बघायचंसुद्धा टाळलं.

"पेटीचं झाकण आहे रे ते!" आतून आई ओरडली. "घाबरतो काय!"

ताईचा विश्वास बसेना. "झाकण दाबून धर, परत नेते." परत नेली. तोच दगड, तेच चाक. चाकाखालचे खडे वाजले, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा नेली. तेव्हा ती मुद्दाम वाकडी नेत होती हे सगळ्यांना कळलं.

गाडी थांबवून तिने गॅरेजला फोन लावला. "हां, उद्याचं राहू द्या... नाही, परवाही नको. घरात मेकॅनिक आहे." माझ्याकडे बघितलं. "नाही हो, शिकलेला नाही. पण चुकला तर सांगतो."

मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"घे, तुझ्या हातात. आता धुऊन काढ. चिखल बघ किती लागलाय."