तळ्याकाठी राहिलेली बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे. निळ्या कापडाची, डोक्यावर छत असलेली, आणि एक चाक वाकडं झालेली. आपली गोष्ट सांगताना गोड बोलावं, हे मला कळतं. पण मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो मला गिळता येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं आता फारसं आठवत नाही. माझा पट्टा बसवणाऱ्या बाईने तो पुन्हा पुन्हा ओढून पाहिला होता, एवढं मात्र आठवतं. बाळ पडू नये म्हणून ती इतकी काळजी घेत होती. ते बाळ तिचं नव्हतं, तरीही.

नांदुऱ्याला मी मंजुश्रीसाठी आले. तिचे बाबा गजेंद्र यांचं स्टेशन रोडवर बी-बियाण्यांचं दुकान आहे. आई पूनम, आजी शालूबाई. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पण आमच्या भागात बाबागाडीला कितीसं काम असणार? इथे लेकरू कडेवर वाढतं. लग्नात तर ते या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहतं आणि आई निवांत जेवते. "लेकरू कुठी हाये?" असं कोणी विचारलं, तर ती मान वर न करता सांगते, "असंन कोनापाशी." आणि ते खरोखर कोणाजवळ तरी असतं. मला ही रीत आवडायची. तिच्यावर माझा राग नाही. ती रीत जिथे चालत नाही तिथे नेणाऱ्यांवर आहे.

मंजू तीन वर्षांची झाली, तेव्हा युरोपच्या सहलीचा घाट घातला गेला. नांदुरा, वडनेर भोलजी, सोनाळा इथली ओळखीची घरं एकत्र आली. बसभर आपलीच माणसं. गजेंद्रची बहीण पुष्पांजलीही निघाली.

शालूबाई म्हणाल्या, "लेकराले काय समजते तिथलं? राहू द्या माह्यापाशी."

"मा, आतापासूनच जग पाह्यलं पाह्यजे तिनं," गजेंद्र म्हणाला.

मंजूने कोणतं जग पाहिलं, ते मी सांगते. तिने बसच्या सीटची पाठ पाहिली, हॉटेलच्या लिफ्टची बटणं पाहिली आणि माझं निळं छत पाहिलं. तिला भूक लागायची तेव्हा बस धावत असायची. तिचा डोळा लागायचा तेव्हा कोणीतरी तिला हलवायचं, "मंजू, उठ, हस बरं, फोटो काढून राह्यली ना मी!" मोठी माणसं झोपेतून उठवली की केवढी चिडतात! आणि तीन वर्षांच्या मुलीने मात्र हसायचं. नाही हसली की, "लय किरकिर करते बाई ही."

सहलीची जबाबदारी दीपक नावाच्या तरुणाकडे होती. बस सुटण्याआधी तो प्रत्येकाच्या डोक्यावर बोट धरून माणसं मोजायचा. आमच्या लोकांना त्याचंही हसू यायचं.

"काय बकऱ्या मोजून राह्यले भाऊ? आमची मानसं आमाले माहीत नाहीत काय?" गजेंद्र म्हणाला आणि अख्खी बस खदखदा हसली. बिचारा ओशाळला. पुढे त्याने मोजणं सोडून दिलं. "आले का सगळे?" एवढंच विचारू लागला, आणि सगळे एका सुरात "हाव!" म्हणू लागले.

त्या दिवशी आम्ही डोंगरातल्या एका तळ्यावर होतो. मंजू माझ्यात झोपली होती, पट्टा लावलेला होता. पूनम फोटो काढायला निघाली आणि पुष्पांजलीला म्हणाली, "हिच्याकडे पाह्य जरा." पुष्पांजली थोडा वेळ उभी राहिली. मग समोरच्या चॉकलेटच्या दुकानाकडे निघताना ओरडली, "वहिनी, मी आली हो!" वहिनी पार पाण्याच्या कडेला होती. तिने ऐकलंच नाही. दोघींनाही वाटलं, मंजू दुसरीपाशी आहे.

बसचा हॉर्न वाजला. "आले का सगळे?" "हाव!" तो आवाज माझ्यापर्यंत आला. मला कंठ असता तर मी त्या डोंगराला तडे जातील इतकी ओरडले असते. बस गेली.

माझा ब्रेक कोणी दाबला नव्हता. वाट पाण्याकडे उतरती होती. वारा सुटला आणि मी सरकू लागले. थोडी सरकले आणि अडले. सामान चढवता-उतरवताना माझं एक चाक वाकलं होतं. "भंगार गाडी घेतली आपन," म्हणून त्याच चाकाला गजेंद्रने रोज लाथा घातल्या होत्या. ते वाकडं चाक दगडात रुतलं, म्हणून मंजू पाण्यात गेली नाही.

तिला जाग आली. आसपास ओळखीचं कोणी नव्हतं. तिने आईला हाक मारली, बाबांना मारली, आत्याला मारली. मग आजीला मारली, आणि आजी तर नांदुऱ्यात होती. एका परक्या बाईने धावत येऊन माझा ब्रेक दाबला. ती काहीबाही समजावत होती. मंजूला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. रडून रडून तिचा आवाज बसला.

पुढच्या थांब्यावर दीपक मंजूसाठी बिस्किटाचा पुडा घेऊन गेला, तेव्हा कुठे ती बसमध्ये नाही हे सगळ्यांना कळलं. सगळे धावत परत आले. पूनम रडत होती, हात पसरून. मंजूने आईकडे हात केले नाहीत. तिने माझा पट्टा मुठीत घट्ट धरून ठेवला होता. ती मूठ सोडवायला फार वेळ लागला.

आणि मग काय झालं, मित्रांनो? सगळे दीपकवर तुटून पडले. उरलेला राग माझ्यावर निघाला. "कडेवर असती तं राह्यली नसती. या गाडीनंच घात केला!" घरी आल्यावर मला माळ्यावर टाकलं. ते मी सोसलं. पण खाली बैठकीत हीच गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगतात, ते कसं सोसू? "अन् पाह्यतो तं काय, पोरगी तिथंच!" असं म्हणून गजेंद्र टाळी देतो. तुम्हाला हसू येतं? मंजू अजून कोणत्याही गाडीत चढताना मोठ्याने सांगते, "मी आली." कोणी विचारलेलं नसतं, तरी सांगते.

परवा मला माळ्यावरून खाली काढलं. मंजूला आता भाऊ आहे, शिवम, जेमतेम वर्षाचा. दिवाळीत पुन्हा परदेशची सहल ठरते आहे, तीच माणसं, तशीच बस. गजेंद्र माझ्या चाकाला तेल घालत पाहुण्यांना तळ्याची गोष्ट सांगत होता. सगळे हसले.

मंजू माझ्याजवळ आली. तिने माझा पट्टा ओढून पाहिला, पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, शिवमले तं मोजसान ना?"

हसणं तिथेच थांबलं. पूनमने शिवमला मांडीवर घट्ट धरलं. गजेंद्र तेलाची बाटली घेऊन पुन्हा माझ्या चाकाशी वाकला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांना माझं एवढं सांगा. मुलाला जग दाखवायचं असेल तर त्याच्या भुकेने, त्याच्या झोपेने चाला, आणि निघण्याआधी त्याला मोजा. मोजण्याची लाज वाटत असेल, तर त्याला आजीपाशी ठेवा. मंजू अजून उत्तराची वाट पाहत उभी आहे, आणि तिच्या हातात माझा पट्टा आहे.