चोर शोधायला टांगलेली सुपली

मी एक सुपली बोलतेय. नागली, म्हणजे तुमची नाचणी, पाखडून पाखडून कड झिजली, पण तोंड अजून शाबूत आहे.

जव्हारला राजाचं राज्य होतं, तेव्हा दाभोशाजवळच्या पाड्यावर हौशीने मला विणलं. विणताना तिचं सगळं लक्ष शेजारच्या भांडणात, म्हणून मी एका अंगाने जड झाले. खुंटीवरसुद्धा धड सरळ राहत नाही.

आणि मलाच एकदा न्यायाला बसवलं!

शेजारच्या पुतळीचा हातातला चांदीचा गोठ हरवला. हौशीची सून चैती आदल्या दिवशी तिच्याकडे विस्तव मागायला गेली होती. पोशेऱ्याहून नवी आलेली पोर. झालं, सगळ्यांची बोटं तिच्याकडे. चोर ठरली तर माहेरी धाडायची, पुन्हा पाड्यात पाऊल नाही.

चोर हुडकायची रीत अशी: सुपली दोरीला टांगायची, भगताने एकेक नाव घ्यायचं. ज्या नावाला सुपली फिरेल, तो चोर. भगत माघ्याने तीन नावं घेतली, मी गप्प. चौथं चैतीचं घेतलं, नेमका तेव्हाच दोरीचा पीळ सुटला आणि मी गर्रकन फिरले. सगळे हात जोडून बघायला लागले. खरं सांगते, मी फुगले.

मग चैतीचा चेहरा दिसला. "मी नाय घेतला," एवढंच म्हणाली. तोवर तिचं गाठोडं अंगणात आलंही होतं.

हौशी उठली. "सुनेचं नि माझं रोज वाजतं. भाकर जाळते ती. पण गोठ घेताना तिला कोणी बघितला? माघ्या, आता तुझा नाव घे."

माघ्या चुळबुळला, पण माणसं अडून बसली. त्याने नाव घेतलं, दोरीचा पीळ अजून सुटतच होता, मी फिरले. पाटलाचं घेतलं, फिरले. शेवटी हौशीने मेलेल्या सासऱ्याचं नाव जन्मात पहिल्यांदा घेतलं. त्यालाही फिरले! अंगण हसून लोळलं.

"गोठ कोणी नेला ठाव नाय," पाटील म्हणाला, "म्हंजे चैतीने नेला, असा नाय होत." पुतळीने स्वतः गाठोडं उचलून आत नेलं.

चैतीने मला दोरीवरून सोडवलं आणि लगेच नागली अशी पाखडली, की कोंडा थेट भगताच्या डोक्यावर.

गोठ पुढे राबाच्या, म्हणजे पेरणीआधी भाजलेल्या जमिनीच्या, राखेत सापडला. पालापाचोळा पसरताना पुतळीच्याच हातून निसटलेला. पण चैती त्याच्या आधीच सुटली होती, याचीच मला जास्त ऐट.

आता मला चैतीची सून शेणाने लिंपते. दाणा कुठला, कोंडा कुठला, ते खुशाल मला विचारा. माणसाचं मात्र माणसालाच विचारा, आणि तो काय सांगतो ते पुरतं ऐकून घ्या.