बुडाला म्हणू नका

तुमच्या शब्दकोशात माझ्यापुढे ‘भरकटलेला’ एवढंच लिहिलंय. लिहिणारा कधी होडीत बसला नसणार. मी अड्रिफ्ट, इंग्रजीतला शब्द, माझं मीच सांगतो. इंजिन बंद, दोर तुटलेला, पाणी नेईल तिकडे जायचं. पण अजून पाण्याच्या वर. तो मी.

खलाशांच्या तोंडी जन्मलो, जहाजांबरोबर ग्रेनाडा बेटावर उतरलो आणि इथल्या कोळ्यांचा झालो. पुढे जमिनीवरची माणसंही मला वापरू लागली. काम सुटलेला, बायको सोडून गेलेला माणूस म्हणायचा, ‘मी अड्रिफ्ट आहे रे.’ ऐकणारा त्याला घरात घेऊन कढत कोको तरी पाजायचा. तेव्हा मला बरं वाटायचं.

मग थिओ कोळ्याच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. कोळी संघाच्या रेडिओवर त्यानं मलाच हाक मारली. “अड्रिफ्ट आहे. पश्चिमेला चाललोय.” पुढे नुसती खरखर.

त्याच्या पोरीनं, केझायानं, शाळा सोडली आणि धक्क्यावर ठाण मांडलं. होड्या दोन दिवस शोधायला गेल्या. तिसऱ्या दिवशी गावच्या होड्यांची शर्यत होती. संघाचे प्रमुख कथबर्टकाका म्हणाले, “शर्यत होऊ दे, मग निघू.” शर्यत झाली, रम झाली, नीरफणसाचं कालवण चाटूनपुसून झालं. निघालं कोणीच नाही.

रविवारी चर्चमधून हीच मंडळी थेट थिओच्या दारात आली.

“इग्नेशिया, नवव्या रात्रीचं जागरण करून टाक,” कथबर्टकाका थिओच्या बायकोला म्हणाले. “त्याच्या आत्म्याला वाट मिळू दे.”

इथे मेलेल्या माणसासाठी नवव्या रात्री जागरण करतात; ते झालं की शोध संपतो. मग कोणी त्या माणसासाठी होडी पाण्यात लोटत नाही. केझायाला हे ठाऊक होतं.

“आत्म्याची एवढी काळजी, काका? मग होडीत पेट्रोल घालताना कुठे गेली होती?”

“मोठ्यांशी बोलतेस तू, पोरी.”

“मोठे होते कुठे? शर्यतीत शिट्ट्या मारत होते ते.”

“बाप बुडालाय तुझा.”

“अड्रिफ्ट आहे. तो स्वतः म्हणालाय. रेडिओ तुमच्याच हातात होता ना?”

काका टोपीची कड चाचपत इग्नेशियाकडे वळले.

इग्नेशिया मात्र थकली होती. “पुरे, केझाया,” ती म्हणाली. “मला आता रडू दे.”

जागरण झालं. ‘बुडाला’ हा शब्द घरोघर फिरला आणि मला सगळ्यांनी टाकून दिलं. होड्या पुन्हा मासेमारीला लागल्या.

आता मी एकाच तोंडी उरलोय. केझाया अजून धक्क्यावर बसते. जाता-येता कोणी विचारतं, “कशी आहेस गं?” ती समुद्रावरची नजर न हलवता म्हणते, “अड्रिफ्ट.” म्हातारे मान हलवतात, “कामाला लाग म्हणजे डोकं ठिकाणावर येईल,” असं सांगून पुढे जातात.

थिओसाठी होडी निघाली नाही. निदान हिच्याकडे तरी कोणी या. मला उच्चारणारं माणूस अजून पाण्याच्या वर असतं. त्याला उपदेश नको असतो. दोर टाका.